लस दिलेल्या कोंबड्यांना मानमोडी का होते?

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना जितका परिचित आहे, तितकाच दारात चार गावरान कोंबड्या पाळणाऱ्या घरालाही. कोंबडी एका जागी पेंगत बसते, चोच उघडून घरघर श्वास घेते, हिरवट पातळ हगते, पंख आणि पाय लुळे पडतात आणि शेवटी मान पिळवटून मागे वळते. लस न दिलेल्या कळपात तीव्र स्वरूपाचा विषाणू शिरला, तर आठवडाभरात जवळजवळ सगळा कळप संपतो. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही. लस मात्र आहे, आणि ती सत्तर वर्षांहून अधिक काळ वापरात आहे.

तरीही लस दिलेल्या शेडमध्ये मर सुरू झाल्याच्या तक्रारी दरवर्षी येतात. त्यावर बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येते: विषाणू बदलला, लस जुनी झाली. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते प्रत्येक रोगात सारखे नाही. कोंबड्यांच्या काही रोगांत लसीचा स्ट्रेन आणि फिरता स्ट्रेन यांच्यातला फरक निर्णायक ठरतो. मानमोडीत तो बराच कमी महत्त्वाचा आहे, आणि तिथे दोष बहुधा दुसरीकडेच सापडतो.

हा रोग प्रथम १९२६ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ नोंदवला गेला. भारतात तो १९२७-२८ मध्ये कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत येथे आढळला, म्हणून आपल्याकडे त्याला ते नाव मिळाले. राणीखेतपासून जवळच असलेल्या मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत १९४० च्या दशकात हा विषाणू कोंबडीच्या गर्भअंड्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य करण्यात आला. त्यातून तयार झालेली आर-टू-बी लस आजही भारतात दिली जाते. ती पुरती सौम्य नाही. लहान पिल्लाला दिली तर तिनेच लुळेपणा येऊ शकतो, म्हणून ती सहा ते आठ आठवड्यांच्या पुढच्या पक्ष्यालाच टोचतात. पिल्लांसाठी एफ स्ट्रेन आणि लासोटा या सौम्य लसी आहेत. लासोटाचा मूळ विषाणू १९४६ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या लासोटा आडनावाच्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांतून मिळाला आणि तो स्वभावतःच सौम्य निघाला. महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील शासकीय पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत मानमोडीवरच्या लसी तयार होतात. खासगी कंपन्यांच्या लसीही बाजारात आहेत.

सौम्य आणि जहाल विषाणूंत फरक पडतो तो एका छोट्याशा जागेमुळे. विषाणूच्या पृष्ठभागावर एफ नावाचे प्रथिन असते. ते एका ठरावीक ठिकाणी कापले गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य विषाणूचे हे प्रथिन कापू शकणारी विकरे फक्त श्वासमार्गात आणि आतड्यात असतात, त्यामुळे तो तिथेच अडकून राहतो. जहाल विषाणूच्या कापाच्या जागी अमिनो आम्लांची रचना अशी असते, की शरीरातल्या जवळपास कोणत्याही पेशीतले विकर ते कापू शकते. मग विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मान वाकडी होते.

मानमोडीच्या विषाणूचे आज सुमारे वीस जनुकीय गट मानले जातात. लासोटा दुसऱ्या गटात मोडते. आशियात गेल्या काही दशकांत थैमान घालणारे विषाणू मुख्यतः सातव्या गटातले आहेत आणि भारतात तेराव्या गटाचे विषाणूही मोठ्या प्रमाणात सापडतात. २००६ ते २०१२ या काळात मध्य भारतातल्या कोंबड्यांतून मिळवलेल्या विषाणूंच्या अभ्यासातही हाच तेरावा गट आढळला. म्हणजे लस आणि शेडमध्ये शिरणारा विषाणू यांच्यात अनेक दशकांच्या उत्क्रांतीचे अंतर आहे. पण जनुकीय अंतर आणि रोगप्रतिकाराचे अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या विषाणूचे सगळे गट मिळून एकच सीरोटाइप होतो. एका गटाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या गटाच्या विषाणूलाही ओळखतात आणि निष्प्रभ करतात. प्रयोगशाळेत लासोटा नीट दिलेल्या कोंबड्यांना सातव्या किंवा तेराव्या गटाचा जहाल विषाणू मुद्दाम दिला, तर त्या जगतात. शेजारच्या पिंजऱ्यातल्या लस न दिलेल्या कोंबड्या मरतात.

लसीची परीक्षा घेण्याची पद्धत हीच आहे. लस दिल्यावर दोन ते तीन आठवडे थांबायचे, मग ठरावीक मात्रेत जहाल विषाणू द्यायचा आणि चौदा दिवस पक्ष्यांवर लक्ष ठेवायचे. किती जगले, किती आजारी पडले, हे मोजले की लसीचे संरक्षण कळते. निदान पूर्वी एवढेच मोजत. पुढे शास्त्रज्ञांनी याच पक्ष्यांच्या घशातून आणि विष्ठाद्वारातून नमुने घेऊन आणखी एक गोष्ट मोजायला सुरुवात केली: जिवंत राहिलेली कोंबडी किती विषाणू बाहेर टाकते. तिथे लसीची मर्यादा दिसली. लासोटा दिलेली कोंबडी मरत नाही, पण तिला विषाणूची लागण होते आणि काही दिवस तो तिच्या श्वासातून व विष्ठेतून बाहेर पडत राहतो. फिरत्या गटाशी जुळणारी लस दिली, तर बाहेर पडणारा विषाणू कमी असतो. म्हणूनच दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये सातव्या गटाशी जुळणाऱ्या लसी तयार करण्यात आल्या. कोंबडीच्या रक्तातली प्रतिपिंडे भरपूर असतील, तर जुन्या आणि नव्या लसीतला हा फरकही बराच कमी होतो.

याचा शेडवर होणारा परिणाम गंभीर आहे. लस नीट दिलेल्या कळपात मानमोडी शिरली, तर ती ओळखूच येत नाही. माना वाकड्या होत नाहीत, मर फारशी वाढत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांत एकदम अंडी घटतात, तपकिरी अंड्यांचा रंग फिका पडतो, कवच पातळ किंवा वेडेवाकडे होते, आणि मालक खाद्याला दोष देत बसतो. दरम्यान विषाणू गाडीच्या चाकांवरून, क्रेटमधून, कामगारांच्या चपलांवरून पुढच्या शेडकडे निघालेला असतो.

कळपातल्या किती कोंबड्यांना पक्के संरक्षण मिळाले, म्हणजे रोग पसरायचा थांबतो? नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये याचे गणित मांडले. लस दिल्यानंतर कळपातल्या किमान ८५ टक्के कोंबड्यांत प्रतिपिंडांची पुरेशी पातळी असेल, तरच विषाणूची साखळी तुटते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. लस शंभर टक्के कोंबड्यांना ‘दिली’ असे वहीत लिहिलेले असते. ८५ टक्के कोंबड्यांत ती खरोखर ‘बसली’ का, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. कोंबडीपालनात यापेक्षा जास्त दुर्लक्षित झालेली गोष्ट शोधून सापडायची नाही.

ही तपासणी अवघड नाही. मानमोडीचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींना एकत्र चिकटवतो, आणि रक्तजलात प्रतिपिंडे असतील तर ती हे चिकटणे रोखतात. रक्तजल दर पायरीला दुपटीने पातळ करत जातात. ज्या पायरीपर्यंत ते विषाणूला रोखते, तो त्या कोंबडीचा टायटर. आठपट पातळ केल्यावरही रोखू शकणारे रक्तजल म्हणजे पुरेशा संरक्षणाची खालची सीमा मानतात. नेदरलँड्सच्या गणितातही हीच सीमा धरली होती. प्रत्यक्ष शेडमध्ये, विशेषतः अंड्यावरच्या आणि ब्रीडर कोंबड्यांत, याहून बराच वरचा टायटर लागतो.

टायटर कमी येण्याची कारणे विषाणूपेक्षा लसीकरणाच्या दिवसाशी अधिक निगडित असतात. सर्वांत पहिले कारण पिल्लाच्या आईकडून येते. ब्रीडर कोंबडीला लसी भरपूर दिलेल्या असतात. तिची प्रतिपिंडे अंड्यातल्या बलकातून पिल्लात उतरतात. ती पिल्लाला पहिले काही दिवस सांभाळतात, पण बाहेरून दिलेल्या लसीचा जिवंत विषाणूही तीच मारून टाकतात. मानमोडीच्या बाबतीत ही मातृक प्रतिपिंडे साधारण साडेचार दिवसांनी निम्मी होत जातात. म्हणून पाचव्या ते सातव्या दिवशी दिलेली पहिली लस अर्धवटच बसते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला दुसरा डोस टाळता येत नाही. ब्रॉयलरची बॅच पाच-सहा आठवड्यांत विकायची, म्हणून दुसरा डोस गाळला जातो, आणि मग शेवटच्या आठवड्यात, खाद्याचा सगळा खर्च होऊन गेल्यावर, मर होते.

पहिली लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देण्यामागेही कारण आहे. कोंबडीच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी असते. थेंब तिच्यापर्यंत पोहोचला, की श्वासमार्गाच्या अस्तरातच प्रतिकार तयार होतो आणि विषाणू दारातच अडतो. इंजेक्शनने दिलेली मृत लस रक्तात टायटर खूप वर नेते, पण नाका-घशाच्या अस्तरावर तिचा पहारा कमजोर असतो. म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांना आधी जिवंत आणि अंड्यावर येण्यापूर्वी मृत, अशा दोन्ही लसी देतात.

दुसरा डोस बहुधा पाण्यातून जातो, आणि सर्वांत जास्त गडबड इथेच होते. लसीचा विषाणू जिवंत असतो. पाण्यात क्लोरीन किंवा जंतुनाशक असेल तर तो कोंबडीच्या चोचीत जाण्याआधीच मरतो. म्हणून आधी पाणी तपासायचे, त्यात स्किम मिल्क पावडर मिसळायची, पक्ष्यांना तासभर तहानलेले ठेवायचे आणि मग लसीचे पाणी असे द्यायचे, की साधारण दीड-दोन तासांत ते सगळे पिऊन होईल. ड्रिंकर कमी असले, की दांडगे पक्षी दोनदा पितात आणि कोपऱ्यातले कोरडे राहतात. ही कोरडी राहिलेली कोंबडीच पुढे विषाणूला आसरा देते. त्यात लसीची कुपी उत्पादकापासून शेडपर्यंत दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. एप्रिल-मे महिन्यात दुकानातून मोटारसायकलच्या डिकीत टाकून आणलेली कुपी शेडवर पोहोचेपर्यंत निकामी झालेली असू शकते. तिच्यावरच्या लेबलात काहीच फरक पडलेला नसतो.

लस नीट दिली, तरी कोंबडीच्या शरीराने तिला प्रतिसाद द्यायला हवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे जड जाते. ओलसर मक्यावर बुरशी येते, तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष खाद्यातून पोटात जाते आणि प्रतिकारशक्ती दबते. भाताच्या तुसाचे लिटर ओले झाले, की अमोनियाने श्वासमार्गाचे अस्तर जळते. याहूनही मोठा घात करणारा रोग म्हणजे गंबोरो.

गंबोरो १९६२ मध्ये अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या त्याच नावाच्या गावाजवळ प्रथम नोंदवला गेला. हा विषाणू तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या शेपटीखालच्या बर्सा या अवयवावर हल्ला करतो. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात. बर्सा नासला, की कोंबडी वाचली तरी पुढची कोणतीही लस तिच्यात पुरती बसत नाही. ज्या शेडमध्ये मानमोडीची लस वारंवार फसते, तिथे आधी गंबोरो शोधावा, हे पशुवैद्यकांचे सांगणे योग्यच आहे. या रोगात स्ट्रेनचा प्रश्नही खरा आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपात अतिजहाल गंबोरो आला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात पसरला. तो मातृक प्रतिपिंडांची जी पातळी भेदून पिल्लाला गाठतो, ती पातळी जुनी सौम्य लस भेदू शकत नव्हती. त्यामुळे विषाणू लसीच्या आधी पोहोचू लागला. उत्तर म्हणून ‘इंटरमीडिएट प्लस’ अशा काहीशा तिखट लसी आल्या. त्या अधिक प्रतिपिंडे असतानाही बसतात, पण बर्साला स्वतःही थोडी इजा करतात. पुढे टर्कीच्या हर्पिस विषाणूवर गंबोरोचा एक जनुक बसवलेल्या लसी आल्या. त्या हॅचरीतच देता येतात आणि मातृक प्रतिपिंडांचा त्यांना अडथळा होत नाही.

संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस हा स्ट्रेनभेदाचा सर्वांत ठळक नमुना आहे. हा कोंबड्यांचा कोरोनाविषाणू. त्याचे अनेक सीरोटाइप आहेत आणि एकाची लस दुसऱ्यापुढे अनेकदा लंगडी पडते. ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास ४/९१ आणि चीनमध्ये १९९० च्या दशकात क्यूएक्स हे प्रकार आल्यावर जुन्या मॅसॅच्युसेट्स प्रकारच्या लसीचे संरक्षण अपुरे ठरले. मॅसॅच्युसेट्स आणि ४/९१ या दोन वेगळ्या लसी पाठोपाठ दिल्या, तर संरक्षणाचा आवाका त्या दोघींच्या पलीकडच्या प्रकारांपर्यंतही वाढतो. या रोगात आपल्या भागात कोणता प्रकार फिरतो, हे कळल्याशिवाय लस निवडणे म्हणजे अंधारात गोळी मारणे आहे.

मॅरेक्स रोगाची गोष्ट आणखी वेगळी. हंगेरीचे जोसेफ मॅरेक यांनी १९०७ मध्ये वर्णन केलेला हा रोग कोंबड्यांत गाठी आणि लुळेपणा आणतो. १९७० च्या सुमारास त्यावर लस आली आणि अंड्याचा धंदा वाचला. आज अंड्यावरच्या जातीच्या प्रत्येक पिल्लाला ती हॅचरीत पहिल्याच दिवशी टोचतात. पण ही लस लागण थांबवत नाही, फक्त गाठी थांबवते, आणि गेल्या पन्नास वर्षांत विषाणू अधिकाधिक जहाल होत गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की अतिजहाल विषाणूची लागण झालेली लस नसलेली कोंबडी फार विषाणू बाहेर टाकण्याआधीच मरते, तर लस दिलेली कोंबडी जगते आणि आठवडेच्या आठवडे तो पसरवत राहते. यावरून लस बंद करावी असा अर्थ कुणी काढू नये. लस न दिलेला कळप आज या विषाणूपुढे टिकणारच नाही.

बर्ड फ्लूत विषाणूचे बदलणे सर्वांत वेगवान आहे. मेक्सिकोने १९९५ पासून एच५एन२ या प्रकाराविरुद्ध एकच लस वर्षानुवर्षे वापरली. विषाणू हळूहळू तिच्यापासून दूर सरकला आणि लसीचे संरक्षण कमी होत गेले. चीनने उलट फिरत्या विषाणूंनुसार लस बदलत ठेवली. सप्टेंबर २०१७ पासून तिथे एच५ आणि एच७ ची एकत्रित लस दिली जाऊ लागल्यावर माणसांतले एच७एन९ चे रुग्णही झपाट्याने घटले. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली.

भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो महाराष्ट्रातच, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात पुन्हा तेच करावे लागले. जहाल बर्ड फ्लूसाठी भारताचे धोरण लस न देता बाधित क्षेत्रातले पक्षी नष्ट करण्याचे राहिले आहे. लस दिलेला पक्षी लक्षणांशिवाय विषाणू पसरवू शकतो, ही भीती त्यामागे आहे, आणि मानमोडीचा अनुभव पाहता ती निराधार नाही. अंडी घटवणाऱ्या सौम्य एच९एन२ साठी मात्र भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने देशी विषाणूपासूनच मृत लस विकसित केली आणि तिचे तंत्रज्ञान लस कंपन्यांना दिले.

मोठ्या शेडमध्ये मानमोडीची लस बसते की नाही, हा प्रश्न आहे. गावरान कोंबडीपर्यंत ती पोहोचतच नाही. पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड या डोंगरी तालुक्यांत घरोघरी पाच-दहा कोंबड्या असतात. लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, आणि कुपी फोडून विरघळवल्यावर ती तास-दोन तासांत संपवावी लागते. एका घरासाठी ती कोण फोडणार? आषाढात कोल्हापुरात त्र्यंबोलीची यात्रा आणि घराघरांत आखाडाची जेवणे होतात. कोंबड्यांना मागणी येते आणि त्या आठवडी बाजारांतून या गावाहून त्या गावात जातात. मर लागलेल्या घरातल्या उरलेल्या कोंबड्याही घाईघाईने याच वेळी विकल्या जातात. मानमोडीला याहून सोयीचा हंगाम मिळणे कठीण.

यावर उपायही ठाऊक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो आणि सहकाऱ्यांनी उष्णता सोसणाऱ्या आय-टू लसीवर काम केले. ती आफ्रिका आणि आशियातल्या अनेक देशांत गावकऱ्यांनी स्वतः कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकून दिली. तामिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने खाद्यात मिसळायच्या गोळीच्या रूपात अशीच लस तयार केली. पण फ्रिजमधल्या साध्या लसीनेही काम होते. त्यासाठी गावातल्या सगळ्या कोंबड्या एकाच सकाळी, खुराड्यातून सोडण्याआधी, टोचाव्या लागतात. ग्रामपंचायत, बचत गट आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना यांनी दिवस ठरवला, तर एक कुपी अख्ख्या वाडीला पुरते.

पोल्ट्रीवाल्यांनीही लस बदलण्याआधी एक काम करावे. लसीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या वीसेक कोंबड्यांचे रक्त तपासून घ्यावे, आणि मर सुरू झालीच तर ताजा मेलेला पक्षी पशुवैद्यकांमार्फत पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण प्रयोगशाळेकडे पाठवावा. टायटर चांगला असून कोंबड्या मरत असतील, तर विषाणू बदलल्याची शंका घ्यायला जागा आहे. टायटरच कमी निघाला, तर आधी पाणी, कुपी आणि दुसऱ्या डोसचा दिवस तपासावा.